‘सगळेच खातात, मी खाल्ली तर काय झालं?’

पत्र:
माझा मुलगा १५ वर्षांचा आहे, दहावीत शिकतो. आम्ही नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो, घरची शेती आहे. मागच्या महिन्यात त्याचं दप्तर धुवायला काढलं, तर आतल्या कप्प्यात चुन्याची डबी आणि प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेला मावा निघाला. त्याच्या वडिलांनी दोन ठेवून दिल्या. ते स्वतः तंबाखू खातात, सासरे तर दिवसभर मळत असतात. मी त्याला माझ्या गळ्याची शपथ घातली. तिसऱ्या दिवशी पुन्हा तोंडाला तोच वास. विचारलं तर म्हणतो, “मी काय सिगारेट ओढतो का दारू पितो? सगळेच खातात. अण्णा एवढी वर्षं खातात, काय झालं त्यांना?” पोरगा तसा गुणी आहे, कबड्डी चांगली खेळतो. याला कसं समजावू?
– एक आई

उत्तर:

ताई, मुलगा उद्धटपणा करतोय असं धरू नका. जन्मापासून जे पाहत आलाय तेच त्यानं तुम्हाला सांगितलं. गावात दारू पिणाऱ्याला नावं ठेवतात, सिगारेट ओढणारं पोरगं मोठं माणूस दिसलं की हात पाठीमागे नेतं. तंबाखूला असली लाज कुठंच नाही. एसटीच्या थांब्यावर दोन अनोळखी माणसं भेटली, तर ‘तंबाखू आहे का?’ एवढ्यावर ओळख निघते. बांधावर, पारावर, लग्नाच्या मांडवात एकाच्या तळहातावरची चिमूट चौघांत वाटली जाते, आणि पंधरा वर्षांच्या पोरापुढे तो तळहात पहिल्यांदा येतो तेव्हा त्याला वाटतं, आपण आता मोठ्यांत धरले गेलो. व्यसनांच्या यादीत त्यानं तंबाखू कधी घातलेलीच नाही. म्हणून ‘व्यसन करू नकोस’ हे तुमचं बोलणं त्याला लागू होत नाही असं त्याला मनापासून वाटतं. थोबाडीत मारून किंवा शपथ घालून हे बदलत नाही. माराचा एकच परिणाम हमखास होतो: थुंकताना कुणी पकडू नये म्हणून पोरं रस गिळायला लागतात. शपथेनं तो तुमच्याशी खोटं बोलायला शिकेल, कारण तलफ आली की शपथ टिकत नाही, आणि मोडलेल्या शपथेची टोचणी लपवायला खोटं बोलावंच लागतं. त्याला एकदा सांगून टाका, ‘ती शपथ मी मागे घेतली.’

आता त्याचं ‘सगळेच खातात’. देशभरातल्या मोठ्या माणसांची २०१६-१७ मध्ये तंबाखूविषयी पाहणी झाली. त्यात महाराष्ट्रात २४.४ टक्के लोक बिनधुराची तंबाखू वापरत होते, विडी-सिगारेट ओढणारे ३.८ टक्के. म्हणजे आपल्याकडचा खरा प्रश्न खाण्याच्या तंबाखूचा आहे, हे खरंच. पण त्याच आकड्याचा दुसरा अर्थ असा, की चारातले तीन जण खात नाहीत. १३ ते १५ वर्षांच्या शाळकरी मुलांची २०१९ ची देशाची पाहणी घेतली, तर कुठल्याही रूपात तंबाखू वापरणारे ८.५ टक्के निघाले. म्हणजे शंभरातली ९१ पोरं ती वापरत नव्हती. हे आकडे त्याला वाचून दाखवू नका. वहीच्या मागच्या पानावर त्याच्याच संघातल्या पोरांची आणि वर्गातल्या बाकांवरच्या पोरांची नावं लिहायला सांगा, खाणाऱ्यापुढे खूण करायला सांगा. नावं तुम्ही बघणार नाही असं कबूल करा आणि खरंच बघू नका. खाणारी पोरं एकत्र, उघड्यावर, हसत-खिदळत बसलेली असतात म्हणून ती जास्त वाटतात. न खाणारा न खाताना कुणाला दिसत नाही.

यानंतर त्याला विचारा, पहिल्यांदा खाल्ली तेव्हा चक्कर आली होती का? बहुतेक पोरांना आलेली असते. घाम फुटतो, उचकी लागते, कुणी ओकतंही. पुढे चक्कर येणं थांबतं, आणि पोरं म्हणतात, ‘आता पचली.’ हा एक शब्द फार नुकसान करतो, कारण पोरांच्या लेखी पचवणं हा ताकदीचा पुरावा असतो. खरं घडतं ते असं: तंबाखूतलं निकोटीन पानात बांधलेलं असतं. चुना अल्कधर्मी असतो, तो ते मोकळं करतो, आणि मोकळं झालेलं निकोटीन गालाच्या पातळ त्वचेतून काही मिनिटांत रक्तात उतरतं. मळताना तळहातावर आपण नेमकं तेच काम करत असतो. नवख्या शरीराला तो डोस विषासारखा लागतो. रोज मिळायला लागला की मेंदू त्याची सवय करून घेतो, आणि मग तो मिळाला नाही की चिडचिड, बेचैनी, जांभया. पुन्हा चिमूट धरली की हलकं वाटतं, आणि पोराला वाटतं तंबाखूनं तरतरी आली. तंबाखूनंच आणलेली बेचैनी तेवढी थांबलेली असते. म्हणून ‘पचली’ म्हणणाऱ्या मुलाला सरळ सांगा, ‘चक्कर थांबली त्या दिवशी तू तंबाखू पचवली नाहीस, तुला लत लागली.’ कॅन्सरच्या फोटोंपेक्षा हे वाक्य पोरांना जास्त लागतं. पुडीवरचा मोठा भीतीदायक फोटो ती रोज बघतात, आणि कॅन्सर म्हणजे पन्नाशीतली गोष्ट असं त्यांचं गणित असतं. आणखी एक, टपरीवर समोर घासून दिलेल्या माव्याच्या कागदावर तर कसलाच इशारा छापलेला नसतो.

माव्याबद्दल थोडं जास्त सांगावं लागेल, कारण आजोबांच्या तंबाखूत आणि नातवाच्या माव्यात मोठा फरक आहे. मावा म्हणजे बारीक कातरलेली सुपारी, तंबाखू आणि चुना, प्लॅस्टिकवर घासून एकजीव केलेला. विदर्भात यालाच खर्रा म्हणतात. यातली सुपारी निरुपद्रवी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं तंबाखूप्रमाणे सुपारीलाही माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलंय. आणि कॅन्सरच्या कितीतरी आधी सुपारी गाल आखडवते. गालाच्या आतली मऊ त्वचा पांढुरकी, ताठ होत जाते, आत दोऱ्यासारखे पट्टे लागतात, तोंड उघडणं कमी कमी होतं. हा आजार विशी-पंचविशीच्या पोरांत दिसतो, त्याहून लहानांतही. आखडलेला गाल मावा सोडल्यावरही पूर्वीसारखा होत नाही. सोडल्यानं तो आणखी आखडायचा थांबवता येतो एवढंच. ‘अण्णांना काय झालं?’ याचं उत्तर हे आहे: अण्णांच्या पुडीत सुपारी नव्हती, आणि तुझ्या कागदात अर्ध्याहून जास्त तीच असते. तंबाखूनं अण्णांचं काही बिघडलं नाही असं मात्र म्हणू नका. त्यांचे दात, हिरड्या, रक्तदाब यांची तपासणी झाली असेल तर त्यांनाच नातवाला सांगू दे.

येत्या रविवारी सकाळी त्याचं तोंड तपासा. दमात घेऊन नाही, ‘चल, बघू या’ म्हणून. चूळ भरायला सांगा, अंगणात उन्हाकडे तोंड करून बसवा. आधी त्याला त्याच्याच हाताची तीन बोटं, तर्जनी, मधलं आणि अनामिका, एकावर एक उभी ठेवून पुढच्या दातांमध्ये घालायला सांगा. तिन्ही आरामात गेली पाहिजेत. दोनच जात असतील तर त्याच आठवड्यात दातांच्या डॉक्टरांकडे न्या. मग गाल फुगवता येतात का, शिट्टी वाजते का, जीभ पूर्ण बाहेर येते का ते बघा. ठेचा किंवा तिखट कालवण पूर्वीपेक्षा जास्त झोंबतं का, हे विचारा. गाल आखडण्याची ती फार लवकर येणारी खूण आहे. शेवटी खालचा ओठ उलटा करून आणि दोन्ही गाल बाजूला ओढून बघा. चिमूट जिथं धरतो तिथली त्वचा बहुतेकदा फार वेळ पाण्यात राहिलेल्या बोटासारखी पांढरट, सुरकुतलेली दिसते. आरसा त्याच्या हातात द्या, त्याला स्वतःला दिसू दे. साध्या तंबाखूनं आलेला हा पांढरेपणा सोडल्यावर काही आठवड्यांत बहुधा जातो. खरवडून न निघणारा पांढरा चट्टा, मखमलीसारखा लाल चट्टा, किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली तर घरगुती लेप लावत बसू नका. लाल चट्टा पांढऱ्यापेक्षा जास्त धोक्याचा असतो.

आता घराकडे येऊ. हे तुम्हाला अवघड जाईल, पण याच्याशिवाय पुढचं काही टिकणार नाही. घरात तंबाखू संपली की दुकानात कोण जातं? बहुतेक घरांत हेच पोरगं जातं. आजोबांचे हात थरथरतात म्हणून मळूनही तेच देतं. तंबाखूशी त्याची ओळख टपरीवर नाही झाली, अंगणात झाली. सासऱ्यांशी वाद घालायची गरज नाही. एवढंच म्हणा, “अण्णा, तुमची तंबाखू मी बंद करत नाही. फक्त ती याच्या हातनं मागवू नका, याच्याकडनं मळून घेऊ नका, आणि हा समोर असताना चंची उघडू नका.” नातवासाठी एवढं बहुतेक आजोबा करतात. वडिलांचं मात्र वेगळं आहे. गालात तंबाखू धरून ‘तू खाऊ नकोस’ म्हणणाऱ्या बापाचं पोरगं ऐकत नाही, त्यात पोराचा दोष नाही. वडिलांनी त्याच तारखेला, त्याच्यासोबत सोडली, तर दुसरा कुठलाही उपाय त्याच्या जवळपास येत नाही. ते जमणार नसेल तर निदान खरं बोलावं: ‘मी तुझ्याएवढा असताना धरली, दोनदा सोडायला गेलो, जमलं नाही.’ बापाच्या तोंडून हे ऐकणं पोराला नवीन असतं.

बोलायचं कधी? समोरासमोर बसवून नको. गाडीवर जाताना, शेंगा तोडताना, जनावरांना वैरण टाकताना, जिथं डोळ्यांना डोळे भिडत नाहीत तिथं पोरं मोकळी बोलतात. तीनच प्रश्न विचारा: दिवसातून किती वेळा, पहिली कधी, आणि कुणासोबत? उत्तर ऐकून तोंड कडवट करू नका. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात महत्त्वाचं. उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली चिमूट लागत असेल तर लत पक्की झालीय, डॉक्टरांच्या मदतीनंच सोडवावी. शाळा सुटल्यावर, पोरांसोबत, दिवसाला एकदोनदाच असेल तर घरच्या घरी सुटू शकते.

चार दिवस त्याला काहीच सोडायला लावू नका. फक्त प्रत्येक वेळी वहीत लिहू दे: वेळ, जागा, सोबत कोण, आणि त्या वेळी कसं वाटत होतं. चार दिवसांनी पान बघितलं की दोन-तीन ठरलेल्या जागा वर येतात. समजा, शाळेतून मैदानाकडे जाताना टपरी, आणि रात्री मोटार चालू करून पिकाला पाणी द्यायला जाताना बांध. मग सगळं आयुष्य बदलायची गरज नाही, त्या दोन जागांचा बंदोबस्त करायचा. मैदानाला दुसऱ्या वाटेनं जायचं, आणि तिथं जो न खाणारा आहे त्याला सोबत घ्यायचं. रात्रीच्या पाण्याचं जरा नीट बघा, कारण ‘तंबाखूशिवाय झोप उडत नाही’ ही समजूत शेतकरी घरांत पक्की बसलेली असते. वीज रात्रीची येते हे खरंच आहे. पण दहावीच्या मुलाला रात्री पाण्यावर धाडायचं असेल तर त्याला संध्याकाळी दोन तास झोपू द्या, थर्मासमध्ये चहा द्या, आणि एकट्याला पाठवू नका. तंबाखूनं झोप मागं लोटली जाते, जागरणाचा थकवा तसाच राहतो. जमेल तेव्हा त्याला त्या कामातून मोकळंच करा.

सोडायची तारीख त्यालाच ठरवू द्या, आठ-दहा दिवसांच्या आतली. सराव परीक्षा, जत्रा, घरातलं लग्न हे दिवस टाळा. आदल्या संध्याकाळी उरलेली पुडी, डबी, कागद त्यानं स्वतः शौचालयात टाकायचं. ‘शेवटची म्हणून’ खिशात ठेवलेली चिमूट दुसऱ्या दिवशी तोंडात जातेच. पहिला दिवस निघतो. दुसरा आणि तिसरा सगळ्यात वाईट. तो चिडेल, ताट ढकलेल, अभ्यासात लक्ष लागणार नाही, झोप मोडेल. त्या तीन दिवसांत त्याच्या बोलण्याचा राग मानू नका आणि ‘याच्यापेक्षा खात होतास ते बरं’ असं चुकूनही म्हणू नका. पोट साफ होत नाही अशी तक्रार येईल, तीही खोटी नसते. निकोटीननं आतड्यांना ढोसायची सवय लावलेली असते. सकाळी दोन पेले कोमट पाणी, पपई, पेरू, पालेभाजी यावर ते थोड्या दिवसांत जागेवर येतं. एकूण त्रास दोन ते चार आठवड्यांत ओसरतो.

तलफेबद्दल त्याला एक गोष्ट घड्याळ लावून दाखवा. ती लाटेसारखी येते, पाच-दहा मिनिटांत उतरते, तंबाखू खाल्ली तरी आणि न खाल्ली तरी. तेवढी मिनिटं काढायची. एक पेला पाणी घोट घोट प्यायचं, दहा लांब श्वास घ्यायचे, जागा सोडायची, तोंडात काहीतरी चावायला घालायचं. बडीशेप, ओवा, फुटाणे, खोबऱ्याचा तुकडा कागदाच्या पुडीत खिशात असू दे. हाताला मळायची सवय असते, ती रिकामी राहिली की बोटं चाळे करतात. भुईमुगाच्या शेंगा द्या, फोडायलाही काम आणि चावायलाही. इथं एक चूक फार घरांत होते: तंबाखू सोडली म्हणून कौतुकानं साधी किंवा गोड सुगंधी सुपारी हातात दिली जाते. ती देऊ नका. सुपारीची स्वतःची लत आहे, आणि गाल तीच आखडवते. मिश्रीनं दात घासायची सवय घरात कुणाला असेल तर ती डबीही बाजूला करा. भाजलेली असली तरी ती तंबाखूच आहे.

मित्रांचं काय? मित्र तोडायला लावू नका. तो तुम्हाला सोडेल, त्यांना नाही. पुढे आलेल्या तळहाताला काय म्हणायचं ते आधी ठरवून, तोंडानं दोनचारदा म्हणवून घ्या. ‘तोंड आलंय’ हा बहाणा आठवडाभर चालतो, मग उघडा पडतो. ‘नको, मी सोडली’ हे छोटं आणि पुरेसं आहे. चेष्टा होईल, ती साधारण आठवडाभर टिकते. कबड्डीच्या प्रशिक्षकांना विश्वासात घ्या, पण त्याला विचारून. संघातल्या ज्या मोठ्या खेळाडूला तो मानतो त्यानं ‘मी खात नाही’ एवढं चारचौघांत म्हटलं, तरी तुमच्या महिनाभराच्या बोलण्याचं काम होतं. निकोटीननं नाडी वाढते, रक्तवाहिन्या आखडतात. चढाईला दम लागणाऱ्या पोराला हे सांगून पाहा. पैशाचा हिशेबही त्यालाच करू द्या: रोज २० रुपये जात असतील तर वर्षाला ७,३०० होतात, त्यात चांगले बूट येतात.

तो मध्ये एकदा खाईल. बहुधा दहाव्या-बाराव्या दिवशी, कुठल्यातरी वरातीत. तुम्हाला कळलं तर ‘बघितलंस, मला माहीतच होतं’ म्हणू नका. एक चिमूट म्हणजे एक चिमूटच. आधीचे दहा दिवस वाया गेले असं त्याला वाटलं की तो पुन्हा पुडीवर येतो. कुठं, कुणासोबत, कशानं झालं ते वहीत लिहायचं आणि दुसऱ्या सकाळपासून पुढं चालू.

घरून जमत नसेल तर राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६. हाच नंबर पुडीवर छापलेला असतो, फोनला पैसे पडत नाहीत. फोन त्यानं स्वतः करायचा, तुम्ही खोलीबाहेर थांबायचं. जिल्हा रुग्णालयातल्या तंबाखूमुक्ती केंद्राची आणि किशोरवयीन मुलांसाठीच्या मैत्री क्लिनिकची माहिती तुमच्या आशाताई देतील. निकोटीनची च्युइंगगम मात्र मेडिकलमधून परस्पर आणू नका. १८ वर्षांखालच्या मुलाला ती द्यायची की नाही हे डॉक्टरांनीच ठरवायचं, आणि गाल आखडला असेल तर चघळणं त्याला सोसेल का हेही बघावं लागतं.

टपरीवाल्याशी एकट्यानं भांडायला जाऊ नका, गावात राहायचंय. पण कायदा तुमच्या बाजूनं आहे हे माहीत असू द्या. २००३ च्या कायद्यानं १८ वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकता येत नाही, आणि शाळेपासून १०० यार्डांत, म्हणजे साधारण ९१ मीटरांत, तंबाखूविक्रीच करता येत नाही. गुटखा राज्यात २०१२ पासून बंद आहे, पुढच्या आदेशांत मावा-खर्राही आला. लहान मुलाला तंबाखू देणाऱ्याला २०१५ च्या बाल न्याय कायद्यात सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. चार-पाच आया मिळून मुख्याध्यापकांना अर्ज द्या, शाळेच्या फाटकापासून अंतर टेपनं मोजून घ्या, आणि तो विषय ग्रामसभेत लेखी मांडा. तुमच्या मुलाचं नाव अर्जात कुठंही येऊ देऊ नका. आपल्यामुळे टपरी उठली असं पोरांत पसरलं, तर तो मैदानावर एकटा पडेल.

रविवारी तोंड बघून झालं की पुन्हा लिहा. तीन बोटं बसली का दोन, गालात पट्टे हाताला लागले का, आणि पहिली चिमूट तो किती वाजता घेतो, एवढं कळवा. पुढची पायरी त्यावरून ठरवू.